स्टेंट बसला, डिस्चार्ज झाला, आता चालायचं किती ते कोण सांगणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

२९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिन झाला, त्या दिवशीची तुमची पुरवणी मी शेवटच्या पानापर्यंत वाचली. छातीत कळ आली तर काय करायचं, तेल कुठलं वापरायचं, कोलेस्टेरॉल किती असावं, अँजिओप्लास्टी कशी करतात, सगळं नीट दिलं होतं, त्याबद्दल मनापासून आभार. पण अटॅक येऊन गेल्यावर, म्हणजे पेशंट वाचला, स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी) बसला, घरी आला, त्याच्या पुढचं काय, यावर सगळ्या पुरवणीत मिळून एकच ओळ होती, की हलका व्यायाम करावा. हलका म्हणजे किती? रोज करायचा का आठवड्यातून दोनदा? चालताना धाप लागली तर थांबायचं का ती थोडी लागणारच? जिना चढायचा का? पाण्याचा हंडा उचलायचा का? ज्या घरात असा पेशंट आहे त्या घरात रोज सकाळी हेच प्रश्न असतात आणि उत्तर कुणाकडेच नसतं, म्हणून हे पत्र लिहितेय. जरा मोठं झालंय पण छापाल अशी आशा आहे.

माझं म्हणणं एकच आहे. अटॅकनंतरचा व्यायाम ही पेशंटच्या मर्जीवर सोडायची गोष्ट नाही, तो ट्रीटमेंटचा भाग आहे, गोळ्यांइतकाच, आणि तो गोळ्यांसारखाच लिहून मिळाला पाहिजे, किती, केव्हा, किती दिवस. याला कार्डिॲक रिहॅब म्हणतात. अमेरिकेत तिथल्या सरकारच्या मेडिकेअर योजनेत अटॅक येऊन गेलेल्याला साधारण ३६ सेशन मिळतात, इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेतूनच हा कार्यक्रम असतो. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलांत आहे, पण आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात बहुतेक पेशंटनी हे नावसुद्धा ऐकलेलं नसतं.

माझी आई ६१ वर्षांची आहे, गेल्या वर्षी मार्चमध्ये तिला अटॅक आला. छातीत कळ वगैरे काही नव्हतं, पाठीत आणि जबड्यात दुखत होतं आणि घाम येत होता, तिनं ते ॲसिडिटी समजून अंगावर काढलं, बायका काढतातच. मग सोलापूरला नेलं, जनआरोग्य योजनेतून मनगटातून अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला, डॉक्टरांनी जीव वाचवला, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. डिस्चार्जच्या फाईलमध्ये गोळ्यांची यादी व्यवस्थित होती, सकाळी कुठली, रात्री कुठली, जेवणाआधी का नंतर. व्यायामाच्या जागी काहीच नव्हतं. विचारलं तर "थोडे दिवस आराम करू द्या, मग बघू" एवढंच उत्तर मिळालं, आणि बाहेर पन्नास पेशंट बसलेले, डॉक्टर तरी किती बोलणार, ते मला समजतं.

घरी आल्यावर मग जे होतं ते सगळ्या घरांत होतं. पुढच्या खोलीत कॉट टाकली. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं नाहीतर मोसंबी घेऊन येणार आणि सांगणार, आता अजिबात उठायचं नाही बरं का. आत्या म्हणाली पाणीसुद्धा हातात द्या. आईनं इतका धसका घेतला की मोरीपर्यंत जाताना एक हात छातीवर, डाव्या कुशीवर झोपायची नाही, जरा धडधडलं की घरातल्या सगळ्यांना उठवायची. पायाच्या पोटऱ्या पंधरा दिवसांत अशा ढिल्या पडल्या की उठून उभं राहताना थरथरायची, आणि ते थरथरणं बघून आम्हाला वाटायचं की हार्टच कमजोर झालंय. खरं तर ती कमजोरी झोपून राहण्याची होती. मनाचं पण तसंच, कुणाशी बोलायची नाही. अटॅक येऊन गेलेल्या साधारण पाचातल्या एकाला नैराश्य येतं असं मी नंतर वाचलं, तेव्हा मला आईचा तो चेहरा आठवला.

पुढच्या चेकअपला गेलो तेव्हा मावसभावानं एका फिजिओथेरपिस्ट मॅडमचं नाव सुचवलं, हार्ट आणि फुप्फुसाच्या पेशंटचंच शिक्षण घेतलेल्या (फिजिओथेरपीत त्याचं वेगळं पोस्ट ग्रॅज्युएशन असतं, हे पण पुष्कळांना माहीत नसतं, आपल्याला वाटतं फिजिओ म्हणजे गुडघा आणि कंबर). त्यांनी आधी टूडी इकोचा, म्हणजे हार्टच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट बघितला, पंपिंग किती आहे, म्हणजे हार्ट रक्त किती जोरानं पुढे ढकलतं ते बघितलं, डॉक्टरांना फोन करून परवानगी घेतली आणि मग आईला कॉरिडॉरमध्ये उभं केलं. दोन टोकांना दोन प्लास्टिकचे कोन, मध्ये ३० मीटर, बोटाला ऑक्सिमीटर, आधी बीपी घेतलं, आणि म्हणाल्या ६ मिनिटं तुमच्या चालीनं चाला, दमलात तर थांबा, भिंतीला टेका, परत चाला, घाई नाही. आई पहिल्या फेरीला माझा हात सोडेना. मॅडम म्हणाल्या हात सोडा, मी बाजूनं चालतेय ना. तिसऱ्या फेरीपासून ती एकटी चालायला लागली.

भिंतीवर एक तक्ता होता, ६ पासून २० पर्यंत आकडे, गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाची ही पट्टी आहे, ६ म्हणजे काहीच कष्ट नाहीत आणि २० म्हणजे याच्यापुढे शक्यच नाही. मॅडमनी प्रत्येक आकड्यापुढे मराठीत लिहिलेलं होतं, "सोपं आहे", "थोडं जड जातंय", "लई जड जातंय". आईनं "थोडं जड जातंय"वर बोट ठेवलं, तो १३ आकडा. म्हणाल्या बरोब्बर, ११ ते १३ मध्ये राहायचं, हीच तुमची चाल. घरी तक्ता नसला तर? तर चालता चालता बोलून बघायचं. सलग वाक्य बोलता आलं पाहिजे, पण अभंग म्हणता येत असेल तर चाल जरा वाढवा, आणि बोलताच येईना तर कमी करा. आईला हे एकदम पटलं, अभंग तर तिच्या तोंडात असतातच.

भावानं हौसेनं पल्स दाखवणारं घड्याळ आणलं होतं, आणि नेटवर २२० वजा वय असा फॉर्म्युला वाचून हिशोब करून ठेवला होता. मॅडम म्हणाल्या हा हिशोब इथे चालणार नाही, कारण अटॅकनंतर बहुतेकांना मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी असते, ती ठोके फारसे वाढू देत नाही, मग माणूस त्या आकड्यापर्यंत पोचायला बघतो आणि नको तेवढा पळतो. म्हणून घड्याळापेक्षा धाप बघा. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण आजकाल घरोघरी ती घड्याळं आहेत आणि गोळ्यांमुळे आकडे फसवतात हे कुणी सांगत नाही.

मग घरचा प्लॅन लिहून दिला, चक्क प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर. पहिला आठवडा सपाट रस्त्यावर १० मिनिटं सकाळ-संध्याकाळ, मग दर आठवड्याला थोडी थोडी मिनिटं वाढवत सलग ३० मिनिटांपर्यंत, आठवड्यातून ५ दिवस तरी. दर वेळी चालण्याआधी १० मिनिटं अगदी सावकाश, खांदे फिरवणं, जागच्या जागी पाय उचलणं, आणि शेवटी पण एकदम थांबायचं नाही, हळूहळू चाल कमी करायची. एकदम थांबलं की रक्त पायात साठतं, बीपी पडतं, चक्कर येते, म्हणून. जेवल्यावर तास दीड तास जाऊ द्यायचा. पाणी पिऊन निघायचं, पण ज्यांचं पंपिंग फार कमी असतं त्यांना पाणी मोजून प्यायला सांगतात, त्यांनी डॉक्टरांना विचारून. आमच्या करमाळ्यात एप्रिल-मे म्हणजे सकाळी ९ लाच डोकं तापतं, त्यामुळे आई उजाडता उजाडता निघायची.

काही आठवड्यांनी ताकदीचे व्यायाम दिले, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली. त्यात एकच नियम सारखा सारखा सांगितला, श्वास कोंडायचा नाही, उचलताना सोडायचा. हंडा, गॅसची टाकी, गव्हाचं पोतं उचलताना आपण नकळत श्वास धरतो आणि त्या क्षणी बीपी झपकन वर जातं, चालण्यापेक्षा धोका त्यात जास्त. आणि गंमत बघा, आमच्याकडे पेशंट बाईला रस्त्यावर चालू देत नाहीत पण नळाला पाणी आलं की ती हंडा उचलतेच. बायपास झालेल्यांना तर छातीचं हाड तारेनं जोडलेलं असतं, ते जुळायला दोन-तीन महिने लागतात, तोवर वजन उचलणं, जोरात ढकलणं बंदच, पण चालणं मात्र त्यांनाही हॉस्पिटलपासूनच सुरू करतात.

आता हे चालून नेमकं होतं काय? मला वाटायचं चालून हार्टवर ताण येतो. मॅडमनी समजावलं ते असं की व्यायामानं पायाचे स्नायू रक्तातला ऑक्सिजन जास्त चांगला वापरायला शिकतात, मग तेच काम, समजा एक जिना, करायला हार्टला कमी धावपळ करावी लागते. बसल्या जागचे ठोके कमी होतात, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सुधारतं आणि त्या गरजेप्रमाणे रुंद होतात, बीपी-शुगर आटोक्यात येते. स्टेंट एका जागचं ब्लॉकेज उघडतो, पण आजार तर सगळ्याच रक्तवाहिन्यांत असतो, तिथपर्यंत गोळ्या आणि व्यायामच पोचतो. स्टेंट बसला म्हणजे आजार गेला असं समजून तंबाखू परत सुरू करणारे पण मी बघितलेत.

आराम करा हा सल्ला येतो कुठून, तर पूर्वी डॉक्टरच तसं सांगायचे. शंभर वर्षांपूर्वी अटॅकच्या पेशंटला चार-सहा आठवडे कॉटवरून हलू द्यायचे नाहीत, जेवण पण भरवायचे. १९५२ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या लेव्हाइन आणि लाउन या डॉक्टरांनी ८१ पेशंटना कॉटवरून उठवून आरामखुर्चीत बसवलं, त्या काळी ते भयंकर धाडस होतं, पण पेशंट सुधारले. नंतर १९६६ मध्ये डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट पोरांना तीन आठवडे फक्त झोपवून ठेवलं आणि त्यांची शारीरिक क्षमता मोजली, ती पाव हिश्श्याहून जास्त घसरली होती. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना परत तपासलं तर तीस वर्षांच्या वयानं जेवढं नुकसान केलं नव्हतं तेवढं त्या तीन आठवड्यांच्या झोपण्यानं केलं होतं. मग साठीच्या पेशंटला दोन-दोन महिने कॉटवर ठेवून आपण काय करतोय याचा विचार भेटायला येणाऱ्या पाहुण्यांनी पण करावा, प्रेमानंच सांगतात ते, पण त्यानं माणूस खंगतो.

आणि हे एखाददुसऱ्या डॉक्टरचं मत नाही. कॉक्रेन नावाची संस्था जगभरातल्या संशोधनाचा एकत्र आढावा घेते, त्यांच्या २०२१ च्या आढाव्यात ८५ अभ्यास आणि २३ हजारांवर पेशंट होते, व्यायामाचा कार्यक्रम केलेल्यांत पुन्हा अटॅक येणं, हार्टनं मृत्यू आणि परत ॲडमिट व्हावं लागणं कमी दिसलं. आपल्या देशात पण मोठं काम झालंय, डॉ. दोरैराज प्रभाकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ हॉस्पिटलांत ३,९५९ अटॅकच्या पेशंटवर योगावर आधारित रिहॅबचा अभ्यास केला, आसनं, प्राणायाम, ध्यान, तीन महिन्यांत १३ सेशन. पुन्हा अटॅक किंवा मृत्यू यात ठामपणे सांगता येईल इतका फरक नाही आला, हे पण स्पष्ट सांगायला पाहिजे, पण ज्यांनी केलं त्यांची तब्येत त्यांना स्वतःला जास्त चांगली वाटली आणि ते आपल्या रोजच्या कामाला जास्त चांगले लागले. शेतकऱ्याला, रिक्षावाल्याला, दुकानदाराला हेच तर हवं असतं. शिवाय याला ट्रेडमिल लागत नाही, सतरंजी लागते.

दक्षिण आशियात, म्हणजे आपल्याकडे, पहिला अटॅक इतर देशांच्या मानानं लवकर येतो, साधारण ५३ च्या आसपास, इतरांकडे ५९. म्हणजे पोरीचं लग्न व्हायचंय, घराचे हप्ते चालू आहेत, अशा वयात. त्या माणसाला कामावर कधी जाऊ, मोटारसायकल कधी चालवू, नवरा-बायकोचे संबंध ठेवायचे का नाही हे विचारायचं असतं आणि लाजेनं कुणी विचारत नाही, मग वर्षानुवर्षं घाबरून राहतात. दोन मजले जिना न थांबता, छातीत न दुखता चढता आला तर बहुतेक पेशंटना संबंधांची भीती नाही, असं डॉक्टर लोक सांगतात, पण विचारल्यावर सांगतात. रिहॅबमध्ये हे सगळं आपणहून सांगितलं जातं.

बायकांचं तर वेगळंच. रिहॅबला बायका कमी पाठवल्या जातात ही जगभरातली तक्रार आहे, आमच्याकडे वर हे ऐकायला मिळतं, की ती दिवसभर घरात राबतेच की, तिला वेगळा व्यायाम कशाला. अहो भाकऱ्या थापणं, धुणं, वाकून झाडणं यात दम लागतो पण सलग अर्धा तास एका लयीत चालणं होत नाही, हार्टला जे पाहिजे ते मिळत नाही. आईला साडीवर घालायला कॅनव्हासचे बूट घेतले तर पहिल्या दिवशी गल्लीतल्या बायका बघत राहिल्या. आई थांबली नाही, देवीच्या माळाच्या रस्त्याला लागली. दसऱ्याच्या आधी नवरात्रात कमलाभवानीच्या देवळात तिच्या पायानं गेली. आता त्याच गल्लीतल्या दोघी तिच्याबरोबर असतात, त्यांना अटॅक वगैरे काही आलेला नाही, बीपी आहे.

आता सरकारकडे मागणी. २०१७ मध्ये केंद्रानं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली, औषधी लेपाचा स्टेंट तेव्हा तीस हजारांच्या आत आला, केवढा दिलासा मिळाला लोकांना. जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी होते, बायपास होते. त्याच पॅकेजला जोडून पुढच्या तीन महिन्यांचं रिहॅब द्या, म्हणजे केलेला खर्च सार्थकी लागेल. करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरच्या वर आहे, आठवड्यातून तीनदा कुणी जाणार नाही, पण घरी करायचं रिहॅब, म्हणजे एकदा तपासणी, लेखी प्लॅन आणि दर आठवड्याला फोन, हे सेंटरवर जाऊन केलेल्या रिहॅबइतकंच गुण देतं असं अभ्यासांत दिसलंय. आईचं निम्म्याहून जास्त फोनवरच झालं. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस फिजिओथेरपिस्ट फक्त हार्टच्या पेशंटसाठी ठेवला, ३० मीटर कॉरिडॉर, बीपीचं मशीन, ऑक्सिमीटर आणि तो मराठी तक्ता, एवढ्यावर सुरुवात होते. आशा ताईंना धोक्याची लक्षणं शिकवली तर त्या घरी जाऊन डायरी बघू शकतात. आणि डिस्चार्ज कार्डवर व्यायामाचा रकाना छापून टाका, छापलेला असला की भरावा लागतो.

ज्यांच्या घरात आत्ता पेशंट आहे त्यांनी डिस्चार्जच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या, पंपिंग किती, चालणं कधीपासून, किती मिनिटं, वजन किती उचलायचं, स्ट्रेस टेस्ट (चालवून घेतलेली हार्टची तपासणी) करायची का आणि कधी. हे पत्र वाचून आपल्या मनानं सुरू करू नका, कारण काहींना आधी थांबावंच लागतं, बसल्या जागी छातीत दुखत असेल, पायावर सूज वाढत असेल, ठोके अनियमित असतील, हार्टची झडप फार अरुंद असेल, ताप असेल, तर व्यायाम नाही, आधी डॉक्टर. आणि चालताना छातीवर दाब आला, चक्कर आली, घाम फुटून मळमळलं तर तिथेच खाली बसा, जिभेखालची गोळी दिलेली असेल तर बसूनच घ्या (उभ्यानं घेतली तर बीपी पडून माणूस कोसळतो), आणि पाच मिनिटांत दुखणं गेलं नाही तर १०८ ला फोन करा, घरी जाऊन बघू म्हणू नका.

तुम्हाला एक विनंती आहे संपादक साहेब. सोलापूर, धाराशिव, लातूर, बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांत अटॅकच्या पेशंटला व्यायाम शिकवायची सोय कुठे कुठे आहे, सरकारी, खाजगी, धर्मादाय, याची यादी तुमच्या वार्ताहरांकडून मिळवून फोन नंबरसकट छापा. थंडीत अटॅकचे पेशंट वाढतात, त्यामुळे दिवाळीच्या आत मिळाली तर फार बरं होईल, मी ती शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावायची जबाबदारी घेते.

कळावे,
आपली,
एक शिक्षिका, करमाळा, जि. सोलापूर